‘धार्मिक दहशतवाद’ की ‘धर्मप्रेरित दहशतवाद’?

प्रश्न असा आला आहे: ‘धार्मिक दहशतवादामुळे परराष्ट्र धोरणाचा पुनर्विचार’ हे शीर्षक बरोबर आहे का? ‘धार्मिक’ म्हणावं की ‘धर्मप्रेरित’, आणि ‘पुनर्विचार’ की ‘फेरविचार’?

दुसरं आधी उरकतो. दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘फेरविचार’ हा फेरतपासणी, फेरमतदान यांच्या कुळातला. त्यात निकाल बदलू शकतो ही शक्यता ऐकू येते, म्हणून मी तो निवडेन.

‘धार्मिक’ मात्र इथे नको. मराठीत धार्मिक माणूस म्हणजे देवाधर्माचं करणारा, पापभीरू. ते विशेषण लागलं की त्या कृत्याला धर्माची मान्यता असल्यासारखं वाटतं. हल्लेखोरांचा दावा नेमका तोच असतो. तो आपण का मान्य करायचा? ‘धर्मप्रेरित’ फक्त करणाऱ्याची प्रेरणा सांगतो. धर्माने खरंच तसं सांगितलंय का, हा प्रश्न मोकळा ठेवतो. कुणी ‘धर्मांध’ सुचवेल, पण तो शब्द संतापाला पुरतो, चर्चेला नाही. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या जपानी पंथाने सारिन हा विषारी वायू सोडला. तो त्यांनी स्वतः बनवला होता, आणि बनवणाऱ्यांत उच्चशिक्षित रसायनतज्ज्ञ होते. इतक्या थंड डोक्याने केलेल्या तयारीला आंधळेपणा म्हटलं की पुढे समजून घ्यायला काही उरत नाही.

शब्द परराष्ट्र धोरणाच्या आड कसा येतो, याचं उदाहरण 16 सप्टेंबर 2001 चं. दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी त्या दिवशी ‘क्रुसेड’ म्हटलं. क्रुसेड म्हणजे मध्ययुगात युरोपातल्या ख्रिश्चनांनी मुख्यतः मुस्लिमांविरुद्ध केलेल्या मोहिमा. मुस्लिम देशांची साथ हवी असतानाच हा शब्द तोंडून गेला आणि व्हाइट हाउसला सारवासारव करावी लागली. मराठीत आपण क्रुसेडला ‘धर्मयुद्ध’ म्हणतो, आणि जिहादलाही! वास्तविक महाभारतातलं धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध: निःशस्त्रावर वार नाही, पाठ फिरवलेल्यावर नाही. तिथला धर्म म्हणजे उपासनापंथ नव्हे. 1095 मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी जी हाक दिली, तिचा या कल्पनेशी काय संबंध? क्रुसेडला क्रुसेड आणि जिहादला जिहादच म्हणावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

आता जे विचारलेलं नाही, पण मला सर्वांत जास्त खटकतं ते: ‘मुळे’. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. 14 तारखेच्या निवडणुकीत सत्तापालट झाला आणि नवे पंतप्रधान सापातेरो यांनी इराकमधून स्पेनचं सैन्य परत आणलं. ‘स्फोटांमुळे माघार’ असं सर्रास म्हटलं गेलं. पण सैन्य मागे घेण्याचं वचन त्यांच्या पक्षाने स्फोटांच्या आधीच दिलेलं होतं. निवडणुकीवर स्फोटांचा परिणाम किती झाला, यावर वाद घालता येईल. माघारीचं धोरण मात्र स्फोटांतून जन्मलं नव्हतं. ‘स्फोटांनंतर’ हे निर्विवाद. ‘स्फोटांमुळे’ म्हटलं की बॉम्ब ठेवणाऱ्यांच्या खात्यात एक विजय जमा होतो. उलट 28 सप्टेंबर 2001 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1373 क्रमांकाचा ठराव करून दहशतवादाला मिळणारा पैसा रोखणं सर्व देशांवर बंधनकारक केलं, तिथे ‘11 सप्टेंबरच्या हल्ल्यांमुळे’ अगदी चपखल बसतं.

म्हणून शीर्षक असं सुचवतो: ‘धर्मप्रेरित दहशतवाद आणि परराष्ट्र धोरणाचा फेरविचार’. लेखात कार्यकारणभाव दाखवला असेल, तर ‘मुळे’ खुशाल परत घ्या.