लिफ्ट केलेल्या ट्रकला एक्सल कुठला टाकावा? वाचकांचे प्रश्न, गाडीवाल्याची उत्तरं

प्रश्न (एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया): दादा नमस्कार. माझी २०१७ ची टोयोटा टॅकोमा आहे, फोर बाय फोर. पुढून ३ इंच लिफ्ट केलीय स्पेसर टाकून, टायर ३३ इंची. वर्षाच्या आत ड्रायव्हर साइडच्या सीव्ही एक्सलचा (डिफ्रेन्शियलपासून चाक फिरवणारा दांडा) आतला बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटला, सगळीकडे ग्रीस. मग पार्टच्या दुकानातून स्वस्तातला एक्सल आणून बसवला तर तोही आता वळताना टिकटिक करतोय. आता थेट क्रोमोलीचाच (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मजबूत स्टील) घेऊन टाकू का? किंमत बघून हात आखडतोय.

उत्तर: हात आखडलाय ते चांगलंच आहे, अजून थोडे दिवस आखडलेलाच ठेवा. तुमचा पहिला एक्सल ताकद कमी पडली म्हणून गेलेला नाही, अँगलमुळे गेलाय. शाफ्ट कितीही भारी स्टीलचा आणा, त्यावरचा बूट रबराचाच असतो आणि तुमच्याकडे आधी बूट मेला, मग ग्रीस गेलं, धूळ आत शिरली, मग जॉइंट वाजायला लागला. क्रम हाच असतो बहुतेक वेळा.

टॅकोमाला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे डिफ्रेन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) चासीला पक्कं बसवलेलं आणि चाकं वेगळी वरखाली होणार. लिफ्ट केली की बॉडी, चासी, डिफ्रेन्शियल सगळं वर गेलं पण चाक जमिनीवरच, त्यामुळे एक्सल डिफ्रेन्शियलपासून चाकाकडे उतरता होतो. बाहेरचा जॉइंट सहा गोळ्यांचा, तो स्टिअरिंगबरोबर वळायलाच बनवलाय, ४५ अंशांच्या आसपास सहन करतो. आतला तीन रोलरचा, ट्रायपॉड म्हणतात त्याला, त्याचं मुख्य काम आतबाहेर सरकायचं, अँगल त्याला वीस-पंचवीस अंशांपलीकडे चालत नाही. आता दोन जॉइंटमध्ये समजा १८ इंच अंतर धरलं तर ३ इंचाच्या लिफ्टनं साडेनऊ अंश नुसते उभ्या गाडीला वाढले, अजून खड्डा आलेला नाही, चाक लोंबलेलं नाही. २ इंचाला हाच हिशोब सव्वासहा अंशांवर येतो. तो एक इंच दिसायला छान दिसतो पण बुटाला फार महाग पडतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गाडी सपाट जागी उभी करा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या मागं डोकं घाला. आतल्या बुटाच्या खालच्या बाजूच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि वरच्या ताणलेल्या दिसतायत का बघा. चिकटलेल्या असतील तर प्रत्येक फेऱ्याला रबर रबरावर घासतंय, आणि हायवेला चाक मिनिटाला सहाशे-सातशे फेरे मारतं, किती दिवस टिकणार ते? मग पुढचा भाग जॅकवर घ्या, नीट स्टँड लावा, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि हातानं फिरवा. कुठं अडकल्यासारखं लागलं तर तिथंच तुमचा पुढचा एक्सल तुटणार हे आधीच कळलं. स्पेसरवाल्या लिफ्टमध्ये हे हमखास होतं कारण स्ट्रटच्या वर स्पेसर आला की चाक मूळच्यापेक्षा जास्त खाली लोंबतं.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी लिफ्ट २ ते अडीच इंचांवर आणा, स्पेसर काढून नीट कॉइलओव्हर (शॉक आणि स्प्रिंग एकत्र) टाका ज्याची उघडण्याची लांबी मर्यादेत आहे. ३३ चा टायर तेवढ्यातही बसतो, मागच्या बाजूला बॉडी माउंटला घासतो तिथं थोडी कापाकापी करावी लागते, ती करून घ्या. ३ इंच ठेवायचेच असतील तर डिफ ड्रॉप किट टाका, त्यानं डिफ्रेन्शियल इंचभर खाली येतं, अँगल थोडा उतरतो, बदल्यात खालचा क्लिअरन्स जातो. मला ते फार आवडत नाही पण बूट फाटत राहण्यापेक्षा बरं.

आता एक्सल. मूळचा टोयोटाचा एक्सल फेकला नसेल तर तोच सोन्यासारखा आहे. तो उघडा, धुवा, गोळे आणि खाचा बघा, घासून चर पडले नसतील तर नवीन बूट, नवीन ग्रीस, चांगले क्लँप, काम झालं. दुकानातल्या स्वस्त रिमॅन्युफॅक्चर्ड एक्सलमध्ये बऱ्याचदा जुन्या जॉइंटच्या झिजलेल्या खाचा ग्राइंड करून त्यात मोठे गोळे घातलेले असतात, वरचं कडक केलेलं थर तिथं पातळ झालेलं असतं, स्टॉक उंचीच्या गाडीला ते चालून जातं, लिफ्टवाल्याला नाही चालत. नवीन घेताना बूट नीओप्रीनचा आहे की कडक प्लास्टिकसारखा हे पण विचारा, जास्त अँगलला मऊ रबरच बरं.

क्रोमोली किंवा ३००एम स्टीलचे एक्सल (आरसीव्ही वगैरे बनवतात) कुणासाठी आहेत, तर पुढं लॉकर (डिफ्रेन्शियलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप) आहे, ३५ चे टायर आहेत आणि दर शनिवार-रविवार दगडांवर गाडी चढवतात त्यांच्यासाठी. आणि तिथंही मग पुढचा प्रश्न येतो की एक्सल तुटेना झाला तर तुटणार काय? क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफ्रेन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी. त्याचं बिल एक्सलपेक्षा कितीतरी मोठं.

एक अजून, चाळीस-पन्नास मैलांच्या स्पीडला पुढून घरघर किंवा थरथर येत असेल आणि फोर व्हील टाकल्यावर ती गायब होत असेल तर एक्सल बदलू नका. त्या डिफ्रेन्शियलमध्ये ड्रायव्हर साइडला नीडल बेअरिंग असतं, लिफ्टनंतर एक्सल त्यावर वेडावाकडा बसतो आणि ते झिजतं. त्याजागी बुशिंग बसवतात. लोक दोन-दोन एक्सल बदलतात आणि थरथर तशीच राहते, वाईट वाटतं बघून.

प्रश्न (एक वाचक, डेन्व्हर): जीप रँग्लर जेके स्पोर्ट आहे, पुढं डाना ३० (डाना कंपनीचा एक्सल, आकडा वाढेल तसा दणकट). मला ३७ चे टायर आणि पुढं लॉकर टाकायचाय, मोआबला (युटामधले दगडांचे ट्रेल) जायचं पक्कं आहे. डाना ३० मध्ये क्रोमोली शाफ्ट टाकू, की रुबिकॉनचा डाना ४४ शोधू, की सरळ ६०?

उत्तर: तुमच्याकडे अख्खा सॉलिड एक्सल आहे, त्यामुळे वरचं अँगलचं गाऱ्हाणं तुम्हाला नाही, इथं सगळा खेळ टॉर्कचा. आणि टॉर्क इंजिन ठरवत नाही, टायर ठरवतो. मॅन्युअल रुबिकॉनचाच हिशोब घ्या, ४.१० चा डिफ्रेन्शियलचा रेशो, फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला एकूण ७३ पट होतं, इंजिनचे साडेतीनशे न्यूटन-मीटर म्हटले तरी कागदावर २५ हजारांवर जातात. एवढं चाकापर्यंत कधीच पोचत नाही कारण त्याआधी टायर घसरतो. एका चाकावर ७०० किलो वजन आणि कोरडा दगड धरला तर ३३ च्या टायरला एक्सलवर साधारण २६०० न्यूटन-मीटर येऊन टायर घसरेल, ३७ ला २९०० च्या आसपास. टायर बदलला एवढ्यानंच बाराएक टक्के वाढले. त्यात लॉकर आला. ओपन डिफ्रेन्शियलमध्ये हवेतलं चाक रिकामं फिरलं की दुसऱ्याला पण तेवढाच कमी टॉर्क मिळतो, गाडी अडकते पण एक्सल वाचतो. लॉकर लावला की सगळा जोर पकड असलेल्या एकाच शाफ्टवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरगर फिरणारं चाक अचानक दगडाला पकडतं तो झटका, वरचे आकडे त्याच्यापुढं काहीच नाहीत.

शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनानं वाढते हे लक्षात ठेवा, खरेदीत याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकाचे दाते) शाफ्ट १.३१ इंचाचा, डाना ६० चा ३५ स्प्लाइनचा दीड इंचाचा, फरक दिसायला किरकोळ पण त्याच स्टीलमध्ये ताकद दीडपट. डाना ३० ला तर २७ स्प्लाइन.

मी तुमच्या जागी ३५ वर थांबणार असतो तर डाना ३० ठेवला असता, क्रोमोली शाफ्ट, एक्सलच्या ट्यूबमध्ये आतून स्लीव्ह, ट्यूबच्या टोकाच्या सी आकाराच्या भागाला गसेट (आधाराची पट्टी), झालं. ३७ आणि लॉकर म्हटल्यावर त्यात पैसे घालू नका. कारण ३७ ला रेशो बदलावाच लागेल, ४.८८ किंवा ५.१३ वर जाल, आणि डाना ३० मध्ये एवढ्या खालच्या रेशोला पिनियन इतकं बारीक होतं की शाफ्ट वाचले तरी तेच दात सोडतं. गिअर, लॉकर, शाफ्ट, वेल्डिंग, लेबर सगळं मिळून जेवढं होतं त्यात अजून भर घालून चांगला बनवलेला ४४ मिळतो. ६० कधी, तर ४० चे टायर डोक्यात असतील तेव्हा. वजन वाढतं, डिफ्रेन्शियलचा गोळा एवढा खाली येतो की दगडाला तोच आधी लागतो, हे पण बघा.

घेताना विक्रेत्याला नुसतं 'क्रोमोली' ऐकून सोडू नका. कुठला ग्रेड, ४१४० की ४३४०? हीट ट्रीटमेंट काय केलीय? स्प्लाइन रोल केलेत की कापलेत? रोल केलेले बरे, त्यात धातू दाबला जातो, मुळाशी चीर सुरू होण्याची शक्यता कमी. शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या मुळाइतका किंवा त्याहून जरा बारीक केलेला असेल तर घाबरू नका, मुद्दाम असतं ते, पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो, नाहीतर सगळा ताण स्प्लाइन संपतात त्या कडेवर येतो. यू-जॉइंटला पूर्ण गोल स्नॅप रिंग घ्या, साध्या सी क्लिप उडाल्या की कप बाहेर येतो आणि शाफ्टचे कान घेऊन जातो. जॉइंट मात्र साधा स्पायसर कंपनीचाच राहू दे, तुमच्या ड्रायव्हिंगला तो पुरेल. साखळीत एक वस्तू अशी असावी की जी आधी तुटेल, स्वस्त असेल आणि ट्रेलवर तासाभरात बदलता येईल, घरातल्या फ्यूजसारखी.

मागचा एक्सल पण विसरू नका. सेमी-फ्लोटमध्ये शाफ्ट गाडीचं वजनही पेलतो. सी क्लिपवाल्या जुन्या एक्सलमध्ये, डाना ३५ त्यातलाच, शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. फुल-फ्लोटमध्ये वजन हाऊसिंगवरच्या हबवर असतं, शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर. २०२४ पासून जीपनंच रुबिकॉनला मागं फुल-फ्लोट डाना ४४ दिलाय, त्यावरून काय ते समजा.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): नवी थार आहे, २ इंच लिफ्ट. पावसात चिखलात अडकली, रेस दिली आणि पुढचा उजवा हाफ शाफ्ट तुटला. लेथवाला म्हणतो वेल्ड मारून टर्न करून देतो, नाहीतर जाड नवा बनवून देतो. करू का?

उत्तर: नाही, भाऊ, दोन्ही नको. शाफ्टला इंडक्शननं वरून कडक केलेलं असतं, आतला गाभा चिवट असतो. वेल्डची उष्णता लागली की ते सगळं बिघडतं आणि वेल्डच्या कडेलाच पुढची चीर. लेथवर नवा बनवला तर कुठल्या बारचा, हीट ट्रीटमेंट कुणी केली, कुणालाच माहीत नसतं. कंपनीचाच नवा घ्या.

तुटलेला तुकडा मात्र टाकू नका, धुवून उन्हात बघा. स्प्लाइनचे दात पिळलेले असतील तर एकदम ओव्हरलोड आलाय. तोंडावर समुद्राच्या वाळूवर लाटांच्या रेषा उमटतात तशा एकात एक वळ्या असतील, किंवा अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत असेल तर चीर जुनी होती, ती वाढत आली आणि चिखलात फक्त शेवटचा धक्का बसला. तसं असेल तर डावा शाफ्ट पण काढून तपासा, तोही त्याच वयाचा आहे.

२०२० नंतरच्या थारला पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, त्यामुळे अँगलचं जे वर सॅन होजेवाल्यांना सांगितलं ते तुम्हालाही लागू. वर चिखलात एक सवय घात करते. चाकोरीत गाडी आपोआप सरळ चालते, आपण स्टिअरिंग फिरवत बसतो, चाकं पूर्ण वळलेली असतात तरी कळत नाही, आणि त्याच वेळी पाय ॲक्सिलरेटरवर. बाहेरचा सीव्ही पूर्ण लॉकला सगळ्यात कमजोर असतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात आरएफसी इंडिया (रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा) होते, तिथं चाकोरीत उतरलेल्या गाडीला स्पॉटर (बाहेरून वाट दाखवणारा) सतत चाकं सरळ करायला ओरडून सांगत असतो, ते उगाच नाही. रिव्हर्समध्ये पण तेच, झटके देऊ नका, विंच लावा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हीनुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. कंपनीचा शाफ्ट बदलणं ही दुरुस्ती झाली, पण लिफ्ट आणि मोठे टायर यावरून आरटीओ आणि इन्शुरन्स दोघंही अडवू शकतात.

प्रश्न (एक वाचिका, फिनिक्स): ४रनर आहे, ट्रेलवर सोबत काय ठेवू? सीव्ही तुटला तर काढून टाकून टू व्हीलवर घरी येता येतं का?

उत्तर: ताई, नुसता काढून नाही येता येत. हबचं बेअरिंग सीव्हीच्या बाहेरच्या टोकानं आणि नटनं आवळून धरलेलं असतं, ते रिकामं ठेवून चालवलं तर बेअरिंग सुटं होईल. म्हणून बाहेरचा जॉइंट शाफ्टपासून वेगळा करून त्याचं टोक परत हबमध्ये घालायचं, नट टॉर्कनं आवळायचा, मग हळूहळू यायचं. आतला एक्सल डिफ्रेन्शियलमधून ओढला की गिअर ऑइल बाहेर येतं, तिथं बसेल असं बूच आणि लिटरभर ऑइल सोबत असू द्या. ३५ मिमीचा सॉकेट, लांब ब्रेकर बार, स्नॅप रिंग पक्कड, नवी कॉटर पिन आणि जुना पण चांगला कंपनीचा एक्सल. डावा-उजवा कुठला आहे ते त्यावर पेंटनं लिहून ठेवा.