ट्रान्सपोर्टची पहिली केस घेताना

इंदूरच्या देवास नाक्यावरचे ट्रान्सपोर्टर तुझ्याकडे येऊ लागले, छान झालं. घाबरू नकोस, सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या कर.

आधी बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची वाहतूकदाराची पावती, मागून घे, दोन्ही बाजूंनी वाच. मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी अशील कधी सांगत नाही (बहुधा त्यानेही वाचलेल्या नसतात).

मग तारीख. माल हरवला किंवा खराब झाला, तर २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याच्या कलम १६ प्रमाणे वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत जायला हवी, तीही दाव्याच्या आधी. नवखे डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात. मीही तसंच मोजलं होतं. दावा हातचा गेला, अशील पोह्यांनाही थांबला नाही.

विमा, लवाद नंतर बघू. या आठवड्यात एकदा नाक्यावर उभा राहून माल चढताना बघ.