वर्गात समजतं, घरी सुचत नाही: अकरावीच्या गणिताबद्दल

तू विचारलंस ते थोडक्यात असं: काटोलला मराठी माध्यमातून दहावी, गणितात ८९. आता नागपुरात मामांकडे राहून अकरावी सायन्स, आणि पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ९. सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं, घरी वही उघडली की पहिली ओळही सुचत नाही. मामा म्हणताहेत, आणखी एक ट्यूशन लावू.

दुसरी ट्यूशन सध्या लावू नकोस. मी नागपुरातच नंदनवन भागात घरी १७ वर्षं अकरावी-बारावीचं गणित शिकवते, माझं घर ट्यूशनवरच चालतं, तरी हेच सांगेन. तुझा दिवस आधीच ऐकण्यात जातो: सकाळी क्लास, मग कॉलेज, येताना मेट्रोत व्हिडिओ. हातात पेन, समोर कोरं पान आणि सांगणारं कोणी नाही, असा वेळ किती? तूच लिहिलंयस, जेमतेम अर्धा तास. दुखणं तिथे आहे.

दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना प्रत्येक ओळ पटत जाते. पण पटणं वेगळं आणि सुचणं वेगळं. फळ्यावर दुसरी ओळ कोणती लिहायची हे सरांनी मनात ठरवलेलं असतं, आपल्याला फक्त ती ओळ दिसते. परीक्षेत ते ठरवायचं काम आपल्यावर येतं आणि त्याचीच सवय नसते. मी बारावीत असताना गाईडमधली उत्तरं सुवाच्य अक्षरात तीन दोनशेपानी वह्यांत उतरवली होती. घरी सगळ्यांना वाटायचं, पोरगी किती अभ्यास करून राहिली. प्रिलिमचा पेपर हातात आला तेव्हा सगळं ओळखीचं दिसत होतं आणि येत काहीच नव्हतं. घरी येऊन खूप रडले. तुला हे अकरावीच्या पहिल्याच टेस्टला कळलं, याचं मला खरंच बरं वाटतं.

आता करायचं काय? पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाच. पुस्तक मिट. कोऱ्या पानावर तेच गणित पहिल्यापासून लिही. अडलीस तर लगेच पुस्तक उघडायचं नाही. दहा मिनिटं तिथेच थांब, आकृती काढ, काय दिलंय आणि काय हवंय ते आपल्या शब्दांत लिही. तरीही नाही जमलं तर फक्त पुढची एक ओळ बघ आणि परत मिट. असं सोडवलेलं गणित तीन दिवसांनी पुन्हा कर, मग पंधरा दिवसांनी. सुरुवातीला तासाभरात तीनच गणितं होतील. होऊ दे.

एका गणितापाशी किती वेळ बसायचं ते दाखवते. एक्स² + वाय² = २५ हे वर्तुळ, आणि ३एक्स + ४वाय = २५ ही रेषा. रेषा वर्तुळाला स्पर्श करते हे दाखवा. बहुतेक मुलं रेषेतून वाय काढून वर्तुळात घालतात. आकडेमोड संपली की उरतं एक्स² − ६एक्स + ९ = ०, म्हणजे एक्स दोन्ही वेळा ३ आणि वाय ४. छेदायचा बिंदू एकच, म्हणून स्पर्शिका. उत्तर आलं की मुलं पुढच्या गणिताकडे वळतात. तू वळू नकोस. आकृती काढ. केंद्रापासून रेषेचं लंबांतर काढ: २५ भागिले ५, म्हणजे ५. त्रिज्याही ५. दोन ओळींत काम झालं! आता तिसऱ्या बाजूने बघ. केंद्रापासून (३, ४) पर्यंतच्या त्रिज्येचा चढ ४/३, रेषेचा चढ −३/४, गुणाकार −१. त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते हे तू दहावीच्या भूमितीत शिकलीच आहेस, तेच इथे आकड्यांत भेटतं.

अजून सोडू नकोस. उजवीकडच्या २५ च्या जागी २० घाल. अंतर ४ होतं, रेषा वर्तुळाला कापते आणि पायथागोरसने जीवेची लांबी ६ येते. ३० घाल. अंतर ६, रेषा बाहेरूनच निघून जाते. एवढं केलंस की या प्रकारची दहा गणितं तुझ्या हातात आली, आणि सोडवलंस एकच.

मराठी माध्यमाबद्दल तू फार घाबरून लिहिलंयस. पहिले दोन-तीन महिने शब्द अडतील, खरं आहे. पण तुझे शब्द टाकून देऊ नकोस. ‘लोकस’ म्हटल्यावर इंग्रजी माध्यमाचं पोरही गोंधळतं. तुझ्याकडे ‘बिंदुपथ’ आहे, बिंदू चालत गेला ती वाट, अर्थ शब्दातच सांगितलेला. टँजंट म्हणजे स्पर्शिका, कॉर्ड म्हणजे जीवा. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने कर, रोज चार-पाच शब्द. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीचं बीजगणित तिथून उतरवून घे, ते तुला लागणारच आहे.

लागणार याचं कारण: अकरावीत जाणारे गुण बरेचदा नववी-दहावीच्या चुकांमुळे जातात. एक्स² + ९ चं वर्गमूळ एक्स + ३ असं लिहिणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि ती हुशार असतात. शंका आली की एक आकडा घालून बघ. एक्स = ४ घेतलं तर १६ अधिक ९, वर्गमूळ ५. त्या चुकीच्या सूत्राने ७ येतं. अर्ध्या मिनिटात खोटं पकडलं जातं. त्या टेस्टचा पेपर परत काढ आणि गेलेल्या १६ गुणांपैकी किती आकडेमोडीत गेले, किती प्रश्न नीट न वाचल्यामुळे आणि किती खरोखर न समजल्यामुळे, ते प्रत्येक प्रश्नापुढे लिही. चुकांची एक वेगळी वही ठेव. तारीख, चुकलेली ओळ जशीच्या तशी, खाली बरोबर ओळ. माझ्याकडच्या मुलांना मी परीक्षेच्या आदल्या रात्री दुसरं काही वाचू देत नाही.

त्रिकोणमितीच्या सूत्रांचा तक्ता भिंतीवर लावलायस, राहू दे. पण साइन आणि कोसाइनची ए अधिक बी, ए वजा बी ही चार सूत्रं पक्की कर आणि बाकीची त्यातून काढायला शीक. बी च्या जागी ए घातलं की दुप्पट कोनाची, दोन सूत्रांची बेरीज-वजाबाकी केली की गुणाकाराची. चार-पाच वेळा स्वतः काढलीस की पाठ करायची वेळ येत नाही.

प्रत्येक उदाहरणसंग्रहाच्या डोक्यावर प्रकार लिहिलेला असतो, म्हणून गणितं सोपी वाटतात. पेपरात ते डोकं नसतं. म्हणून रविवारी वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा गणितं चिठ्ठ्या टाकून निवड आणि प्रत्येकाची फक्त पहिली ओळ लिही: कोणती पद्धत, का. पूर्ण सोडवायचं नाही. बारावीत इंटिग्रेशनला हीच सवय कामी येते.

अकरावीचे गुण पुढे मोजत नाहीत म्हणून हे वर्ष ढकलायचं, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना? सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, आणि त्यातले साधारण २० टक्के अकरावीवर. शिवाय लिमिट्स आणि फंक्शन्स कच्ची राहिली तर बारावीचं कॅल्क्युलस उभंच राहत नाही. बोर्डात कॅल्क्युलेटरही चालत नाही, म्हणून आत्तापासून आकडेमोड हाताने कर.

वेळेचं म्हणशील तर रोज सव्वा तास, शक्यतो पहाटे. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही. मामांना दोन महिने थांबायला सांग. दिवाळीनंतरच्या टेस्टलाही गाडं तिथेच असेल तर ट्यूशनचं बघू, आणि तेव्हा कोणतं प्रकरण अडतंय ते नेमकं सांगता येईल.

वरच्या वर्तुळाला त्याच रेषेशी समांतर अशी आणखी एक स्पर्शिका आहे. आधी आकृतीत शोध, मग समीकरण काढ. जमलं नाही तर कुठल्या ओळीवर अडलीस तेवढं लिही, पुढची ओळ मी सांगेन.