वाचकांचे प्रश्न : तोंडाच्या कर्करोगाची चौथी अवस्था

प्रश्न : माझे वडील ५६ वर्षांचे असून अनेक वर्षे तंबाखू-चुना खात होते. गालाच्या आतली जखम आता जबड्याच्या हाडापर्यंत पोचली आहे आणि गळ्यात गाठही आहे. बायोप्सीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी चौथी अवस्था सांगून शस्त्रक्रिया सुचवली. परंतु नातेवाईक म्हणतात, चाकू लावला की रोग पसरतो, त्यापेक्षा नुसते शेक (रेडिएशन) द्या. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चौथी अवस्था म्हणजे रोग सर्वांगात पसरला, असा समज तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत चुकीचा आहे. गाठ जबड्याच्या हाडात शिरली, की एवढ्यावरूनच ती चौथ्या अवस्थेत मोजली जाते आणि असे अनेक रुग्ण रोग बरा करण्याच्या हेतूने शस्त्रक्रियेस पात्र असतात. गाठ कवटीच्या तळापर्यंत गेली आहे का, मानेतील मुख्य रोहिणीला तिने वेढले आहे का आणि फुप्फुसात काही आहे का, हे स्कॅनमध्ये पाहून निर्णय होतो.

चाकूने रोग पसरत नाही. पसरतो तो निर्णय घेण्यात गेलेल्या आठवड्यांत. हाडात गेलेल्या गाठीवर नुसते शेक शस्त्रक्रियेइतके परिणामकारक ठरत नाहीत. म्हणून प्रथम गाठ, जबड्याचा बाधित भाग व मानेतील गाठी काढून, पायाच्या नडगीशेजारचे हाड किंवा छातीचा स्नायू लावून ती जागा भरतात. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावेत; ते आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालतात. काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला असेल किंवा मानेतील गाठीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल, तर जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देतात.

गाठ पूर्ण काढता येईल की नाही, अशी काठावरची असेल, तर आधी केमो देऊन ती आटोपशीर होते का, हे पाहतात. शस्त्रक्रिया अशक्यच ठरली, तर रोग आवरणे व वेदना कमी करणे हे उद्दिष्ट उरते. अशा रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या.

शेक सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडून किडलेले दात काढून घ्यावेत. नंतर काढल्यास हाड सडण्याचा धोका असतो. काही काळ नाकातील नळीने अन्न द्यावे लागेल आणि तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावे लागतील. खर्चासाठी रुग्णालयातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटावे. तंबाखू मात्र आजपासूनच बंद करावी.