मोठं बीव्हर बांधताय? आधी एवढं करा

रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेलसाठी डी हॅविलंड बीव्हर निवडलंत, फार छान! 1947 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान सरळ रेषांचं आहे, पंख वर आणि जाड. मोठ्या मॉडेलसाठी याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

प्रमाण ठरवण्याआधी गाडीची डिकी मोजा. मूळ पंखविस्तार 14.63 मीटर. म्हणजे एक-पंचमांश मॉडेल 2.93 मीटरचं आणि एक-चतुर्थांश 3.66 मीटरचं होतं. पहिल्यांदा एक-पंचमांशच घ्या, आणि पंख दोन तुकड्यांत.

खरा घात शेपटीच्या वजनाने होतो. नवखे लोक मजबुतीच्या नादात मागे जाड प्लायवूड आणि भरपूर इपॉक्सी गोंद घालतात. शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. माझं पहिलं मॉडेल असंच जड झालं आणि उतरताना वेग कमी करताच एका पंखावर कलंडून कोसळलं. म्हणून मागचा प्रत्येक भाग चिकटवण्याआधी काट्यावर ठेवा.

आणखी तीन गोष्टी:
- गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर मॉडेल तोललं जातं तो) आराखड्यातल्या खुणेच्या किंचित पुढे चालेल, मागे अजिबात नको.
- रिसीव्हरला (मॉडेलमधला, रिमोटचे सिग्नल घेणारा भाग) दोन स्वतंत्र बॅटऱ्या द्या.
- वळताना एलेरॉनबरोबर (पंखांच्या मागच्या कडेच्या, मॉडेल कलवणाऱ्या पट्ट्या) रडरही (शेपटीची उभी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) द्या. नाहीतर नाक उलट्या दिशेला सरकतं. याचा सराव आत्ताच लहान मॉडेलवर सुरू करा.

फ्लॅप्सचं (उतरताना खाली झुकणाऱ्या पंखाच्या पट्ट्या) मिक्सिंग म्हणजे इतर नियंत्रणांशी जुळवणी, पाण्यावर उतरायचे फ्लोट्स, शोभेच्या रिव्हेट्स यांचा विचार पहिल्या दहा उड्डाणांनंतर. सांगाडा उभा राहिला की, कापड चढवण्याआधी, फोटो दाखवा.