बाल्डर्स गेट ३ : स्पेसबार लागणार का?

प्रश्न (जून २०१९) : ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम जाहीर झाला! लढाई पूर्वीसारखी स्पेसबार दाबून थांबवता येईल? जुन्या भागांतला योद्धा मिन्स्क आणि त्याचा हॅमस्टर (उंदरासारखा पाळीव प्राणी) बू परततील का?
– एक जुना खेळाडू, सांगली

उत्तर : अहो, २००० साली दुसरा भाग आला तेव्हा चार सीडी बदलता बदलता उजाडायचं. माझा स्पेसबार पार गुळगुळीत झाला होता. तरी सांगतो, फार आशा धरू नका. या वेळी खेळ बेल्जियमच्या लॅरियन या गेम कंपनीकडे आहे आणि त्यांच्या ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’ या गेममध्ये आळीपाळीनेच वार होतात, मग लढाई थांबवायला स्पेसबार कशाला? नव्या खेळाच्या टीझरमध्ये शिपायाचे दात पडतात, बोटं कडाकडा मोडतात, तोंडातून सोंडा फुटतात. म्हणजे माइंड फ्लेअर (तोंडाला सोंडा असलेले, मेंदू खाणारे राक्षस) आलेच. जुन्या भागांतली भाल या खुनाच्या देवाच्या पोरांची गोष्ट तर २००१ मध्येच मिटली. बूचं म्हणाल, तर तो नसला तर मी रुसणार!