टेक्सासचा कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार: पत्रकातली आश्वासनं आणि वाचकांचे प्रश्न

टेक्सासच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, सगळ्या १५० जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ ला मतदान आहे. डॅलसच्या उत्तरेकडची उपनगरं आणि ह्यूस्टनचा परिसर इथे मराठी घरांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या रिपब्लिकन उमेदवारांची पत्रकं त्यांच्या दारांवरही लटकतात. त्या पत्रकांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

पत्रकात पहिलंच आश्वासन आहे, घरावरचा प्रॉपर्टी टॅक्स संपवणार. आमचं बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जातं. हे खरंच होऊ शकतं का? (फ्रिस्को)

हा कर राज्य सरकार लावतच नाही. टेक्सासच्या राज्यघटनेत राज्याला त्याची मनाई आहे. तुमचं बिल पुढ्यात घेऊन बसा आणि एकेक ओळ वाचा: काउंटी, शहर, कम्युनिटी कॉलेज, नवी वसाहत असेल तर पाणी-गटाराच्या कर्जासाठीचा 'मड', आणि सगळ्यांत मोठा आकडा बहुतेक वेळा स्कूल डिस्ट्रिक्टचा. त्यामुळे "टॅक्स संपवणार" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की यातली नेमकी कुठली ओळ संपवणार? गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट बोलतात ते घरमालकांच्या शाळा-कराबद्दल.

विधिमंडळाने या बाबतीत काहीच केलं नाही असं मुळीच नाही. राहत्या घरावरची होमस्टेड सूट २०२२ मध्ये ४० हजार डॉलर झाली, २०२३ मध्ये एक लाख आणि नोव्हेंबर २०२५ च्या सार्वमतानंतर १ लाख ४० हजार. ६५ वर्षांवरच्या मालकांना ती २ लाखांपर्यंत मिळते. घर चार लाखांचं धरा. शाळा-कर आता २ लाख ६० हजारांवरच बसतो. डिस्ट्रिक्टचा दर शंभर डॉलरला एक डॉलर असेल, तर वर्षाचे १,४०० डॉलर वाचतात. मात्र ही सूट आपोआप मिळत नाही, घराची किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे एकदा अर्ज करावा लागतो. नव्या घरात राहायला गेलेली कितीतरी कुटुंबं हे विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हा कर पूर्ण काढायचा म्हटलं की गाडी अडते. शाळांना तेवढा पैसा दुसरीकडून द्यावा लागेल. वैयक्तिक इन्कम टॅक्सवर २०१९ च्या घटनादुरुस्तीने बंदी घातली, म्हणजे तोही मार्ग बंद. उरतो सेल्स टॅक्स. राज्याचा ६.२५ टक्के, स्थानिक धरून ८.२५ पर्यंत. तो वाढला तर भाड्याने राहणाऱ्याच्या खिशालाही चाट बसेल, आणि त्याला सूट मात्र कसलीच मिळणार नाही. २०२३ मध्ये तिजोरीत मोठी शिल्लक होती, म्हणून १८ अब्ज डॉलरचं करसवलतीचं पॅकेज निघालं. अशी शिल्लक दरवर्षी पडत नाही. सूट आणखी वाढवू म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवेन. सगळा कर काढू म्हणणाऱ्याने आधी भरपाईचा आकडा सांगावा.

मुलगी ह्यूस्टनजवळच्या केटी गावात असते. तिथला उमेदवार 'स्कूल चॉइस'चा कट्टर समर्थक आहे, असं ती सांगते. हे आपल्याकडच्या आरटीईच्या २५ टक्के जागांसारखंच आहे का? (पुणे)

वरवर सारखं वाटतं. दोन्हीकडे सरकारी पैसा खासगी शाळेत जातो. पण आरटीईत शाळेने सोडतीत लागलेल्या मुलाला प्रवेश द्यायचाच असतो. टेक्सासमध्ये कुणाला घ्यायचं हे शेवटी खासगी शाळाच ठरवते. मे २०२५ मध्ये अ‍ॅबट यांनी सही केलेल्या सिनेट बिल २ नुसार पहिल्या टप्प्यात एक अब्ज डॉलर ठेवले आहेत. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे वर्षाला साधारण साडेदहा हजार, घरी शिकणाऱ्यासाठी दोन हजारांपर्यंत, अपंग मुलासाठी गरजेनुसार ३० हजारांपर्यंत. २०२६-२७ हे पहिलं शैक्षणिक वर्ष.

हा कायदा कसा झाला ते कळलं की टेक्सासचं राजकारण कळतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच विषय हाउसमध्ये ८४ विरुद्ध ६३ मतांनी पडला होता. तो पाडणाऱ्यांत २१ रिपब्लिकन होते, बरेचसे ग्रामीण मतदारसंघांतले. त्यांच्या गावांत खासगी शाळा नाहीतच. सरकारी शाळा हाच गावातला मोठा रोजगार, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव जमतं ते शाळेच्या फुटबॉल मैदानावर. ते विचाराने कॉन्झर्व्हेटिव्हच होते, पण मतदारसंघ बघून त्यांनी गव्हर्नरच्या विरोधात मत दिलं.

आपल्याकडे व्हिप मोडला की आमदारकी जाण्याची टांगती तलवार असते. टेक्सासमध्ये पक्षांतरबंदीचा कायदा नाही, तेव्हा त्यांची आमदारकी गेली नाही. शिक्षा झाली ती मार्च २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायच्या निवडणुकीत. अ‍ॅबट यांनी स्वतःच्याच पक्षातल्या या विद्यमान सदस्यांविरुद्ध उमेदवारांना बळ दिलं. त्या मोहिमेसाठी पेनसिल्व्हेनियातले अब्जाधीश जेफ यास यांनी अ‍ॅबट यांना ६० लाख डॉलर एका फटक्यात दिले. टेक्सासमध्ये विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीने किती पैसे द्यावेत याला मर्यादाच नाही. अनेक जुने सदस्य हरले, काही आधीच बाजूला झाले. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक पुन्हा आलं तेव्हा विरोधात गेलेल्या रिपब्लिकनांची संख्या होती फक्त दोन.

दुसऱ्या राज्यातल्या एका श्रीमंताच्या पैशाने एखाद्या छोट्या गावाचा प्रतिनिधी बदलावा, हे मला लोकशाहीला घातक वाटतं, मग मुद्दा कुठलाही असो. तुमच्या मुलीने उमेदवाराला एकच विचारावं: सरकारी शाळांना मुलामागे मिळणारी मूळ रक्कम २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकली होती, २०२५ मध्ये तीत ५५ डॉलरची वाढ झाली. शिक्षकांच्या पगारासाठी वेगळा पैसा दिला हे खरं, पण या मूळ रकमेचं पुढे काय? केटीची सरकारी शाळा चांगली आहे म्हणूनच तर तिथे घरं महाग आहेत.

मी एच-वन-बी वर आहे. उमेदवार म्हणतो, परदेशी लोकांना टेक्सासची जमीन घेऊ देणार नाही आणि बेकायदा स्थलांतर थांबवणार. आम्ही घर घ्यावं की नाही? (अर्व्हिंग)

घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेलं सिनेट बिल १७ चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया या चार देशांशी संबंधित खरेदीदारांसाठी आहे. भारत त्यात नाही. पण त्या यादीत देश वाढवण्याचा अधिकार कायद्याने गव्हर्नरला दिला आहे. या अधिकाराबद्दल उमेदवाराला काय वाटतं, ते विचारायला हवं. व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, एच-वन-बी ची लॉटरी हे सगळं वॉशिंग्टनच्या हातात. ऑस्टिनमधला, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळातला सदस्य त्यावर फार तर भाषण ठोकू शकतो, किंवा राज्याच्या स्वतःच्या विद्यापीठांत नि खात्यांत कुणाला नेमायचं यावर बोलू शकतो.

शेजारी कमरेला पिस्तूल लावून फिरतो. उमेदवाराचा बंदुकीच्या हक्काला पूर्ण पाठिंबा आहे. स्वसंरक्षणासाठी मीही घ्यावी का? (शुगर लँड)

सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगता येणाऱ्या माणसाला परवान्याशिवाय ती जवळ बाळगता येते. पण तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर तिला हातही लावू नका. फेडरल कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, त्यांसाठी वकील गाठा. राज्याने दिलेली मोकळीक इथे कामाला येत नाही. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन फोटो काढण्याआधीही हे आठवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

टेक्सासमधल्याच युवॅल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या पालकांनी अर्ध-स्वयंचलित रायफल घेण्याचं वय १८ वरून २१ करावं म्हणून ऑस्टिनला चकरा मारल्या. ते झालं नाही. झालं ते प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक नेमण्याचं बंधन. मुलं शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी आईबापाने उमेदवाराला या एका वयाच्या मुद्द्यावर हो की नाही एवढं तरी बोलायला लावावं.

मला चौथा महिना आहे. उमेदवार 'प्रो-लाइफ', म्हणजे गर्भपाताच्या विरोधात आहे. स्कॅनमध्ये काही गंभीर निघालं तर इथे काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. (प्लेनो)

तुमची भीती समजते. भारतात २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या संमतीने गर्भपात करता येतो. टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२२ पासून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे. अपवाद फक्त आईच्या जिवाला धोका किंवा शरीराच्या एखाद्या महत्त्वाच्या कार्याला गंभीर इजा होण्याचा धोका. गर्भातलं व्यंग हा अपवाद नाही, बलात्कारही नाही. शिक्षा डॉक्टरला आहे, अगदी जन्मठेपेपर्यंत. स्त्रीला या कायद्याने शिक्षा होत नाही.

शिक्षेच्या धाकाने डॉक्टर हात आखडता घेत होते, तेव्हा २०२५ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून सिनेट बिल ३१ आणलं. धोका अगदी दाराशी येईपर्यंत थांबायची गरज नाही, हे त्यात स्पष्ट केलं. हे पाऊल कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांनीच पुढे टाकलं, याची नोंद घ्यायला हवी. माझ्या मते ते अपुरं आहे. व्यंग जगण्याशी विसंगत आहे असं डॉक्टर सांगत असताना एखाद्या बाईला नऊ महिने थांबायला लावणं ही क्रूरता आहे. उमेदवाराला हा एक प्रसंग समोर ठेवून विचारा. तुमच्या डॉक्टरांशी मात्र आजच मोकळेपणाने बोला. गरज पडली तर न्यू मेक्सिकोसारख्या शेजारच्या राज्यात उपचार मिळतात.

आम्ही नुकतेच नागरिक झालो. आमच्या भागात नोव्हेंबरला कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मग मत देऊन काय उपयोग? (मॅकिनी)

तुमच्यासारख्या भागात खरी निवड बहुधा मार्चमध्ये, प्रायमरीत होते. टेक्सासमध्ये मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते, फक्त त्याच वर्षीच्या रनऑफमध्ये (कुणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या दुसऱ्या फेरीत) दुसऱ्या पक्षात जाता येत नाही. मार्चमध्ये मतदार फार कमी येतात, त्यामुळे काही शे मतं निकाल फिरवू शकतात. तुम्ही डेमोक्रॅट विचारांचे असलात तरी दोन रिपब्लिकनांपैकी शाळेला पैसा देणारा निवडणं तुमच्या हातात असतं. यंदाचा मार्च गेला. नोव्हेंबरसाठी नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी व्हायला हवी. पहिल्यांदाची नोंदणी इंटरनेटवर पूर्ण होत नाही, अर्ज छापून सही करून टपालाने किंवा हाताने द्यावा लागतो.

अजून नागरिक नसलेल्यांनीही हात बांधून बसायला नको. ग्रीन कार्डवाल्यांना निवडणुकीसाठी देणगी देता येते. व्हिसावाल्यांनी तसं मुळीच करू नये, पण विनामोबदला प्रचाराला मदत करता येते. जानेवारी २०२७ पासून १४० दिवस विधिमंडळ बसेल. त्या काळात ऑस्टिनला जाऊन कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, साक्षीदार म्हणून नाव नोंदवलं, की समितीसमोर दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतं. तिथे कुणी पासपोर्ट विचारत नाही.